उतरायचा थांबा

१

आर्डिस संग्रहालयात गेली की प्रत्येक पाटी वाचते. मी बसायला बाक शोधतो. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही मिलवॉकीतली जेवढी संग्रहालयं, जुनी चर्चं आणि बिअरवाल्या शेठ लोकांचे बंगले पाहिले, त्या प्रत्येक ठिकाणचे बाक मी डोळे मिटून सांगू शकेन. कलासंग्रहालयात सरोवराकडे तोंड करून एक कातड्याचा बाक आहे, तो सगळ्यांत चांगला. चर्चमधले बाक मुद्दामच पाठीला बोचतील असे करतात, माणसाला डुलकी लागू नये म्हणून.

दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस दोन दिवस शहरातल्या जुन्या इमारती लोकांसाठी उघड्या ठेवतात. एक कार्ड मिळतं, प्रत्येक ठिकाणी त्यावर शिक्का मारून देतात आणि दहा शिक्के झाले की एक मग भेट मिळतो. आमच्या घरात असे अकरा मग आहेत आणि कॉफी आम्ही दोघंही दुसऱ्याच कपांतून पितो. तरी आर्डिसला दहावा शिक्का पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मी एकतीस वर्षं शहरात बस चालवली. मिनिटामिनिटाला धरून चालायची सवय अंगात इतकी मुरली की कुणाकडे जेवायला गेलो तरी माझं लक्ष मनगटावर. आणि आमच्याकडे निरोप घ्यायचा म्हणजे एक वेगळा कार्यक्रमच असतो. आधी बसल्या जागी मांडीवर थाप मारून ‘बरं तर’ म्हणायचं, मग उठून उभ्या उभ्या अर्धा तास, मग दारात अर्धा तास, मग गाडीच्या खिडकीपाशी. बायका बोलत राहतात आणि नवरा ‘मी गाडी दारापाशी आणतो’ म्हणून सटकतो. यात मी पटाईत. “ह्याचं घड्याळ म्हणजे माझी सवत आहे,” असं आर्डिस सगळ्यांना सांगायची.

या जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सप्टेंबरात ती म्हणाली, “वेंडेल, नवा गुडघा आहे. या वर्षी मला सगळं निवांत बघायचंय. एकदाही घड्याळ बघायचं नाहीस. निघूया म्हणायचं नाहीस. मी म्हणेन तेव्हा निघायचं.”

“शब्द दिला,” मी म्हणालो. ऑपरेशनच्या दिवशी मी पाच तास हॉस्पिटलात एकटा बसलो होतो, आणि हिच्याशिवाय घरी जावं लागलं तर काय, एवढा एकच विचार केला होता. त्यानंतर तिने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

२

रविवारी दुपारपर्यंत नऊ शिक्के झाले. नववा शिक्का एका बिअरवाल्याच्या बंगल्याचा होता. तिथे आर्डिसने चिनी मातीच्या बशांपुढे पाऊण तास काढला. मी जिन्याखालच्या बाकावर बसून शेठजींच्या घरातल्या लोखंडी शेगड्या न्याहाळत होतो. माझं मनगट मी कोटाच्या खिशात घालून ठेवलं होतं.

दहावं ठिकाण जुनं नाट्यगृह ठरलं होतं, पण तिथली रांग कोपऱ्यावरून वळून पार दुसऱ्या रस्त्यावर गेली होती. “गुडघा नवा असला तरी एवढा नवा नाही,” आर्डिस म्हणाली. मग आम्ही गाडी वळवून दक्षिणेकडच्या जुन्या वस्तीतून घरी निघालो. माझ्याच बसचा जुना रस्ता. प्रत्येक खड्डा ओळखीचा.

सेंट वॉल्बर्गाच्या चर्चपाशी ती एकदम म्हणाली, “थांब, थांब. पाटी आहे.”

बाजूच्या दारापाशी पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं होतं: आत या, कॉफी आहे.

“हे यादीत नाही,” मी म्हणालो.

“उशिरा नाव दिलं असेल. बिचाऱ्यांकडे कुणी फिरकलेलं दिसत नाही. चल ना.”

गाडी लावायला तीन चौक पुढे जावं लागलं. चालत परत येताना मी तिला तिथला बसथांबा दाखवला. “बावीस वर्षं इथे थांबलोय. रविवारी पावणेतीनच्या गाडीला इथे हमखास एखादा म्हातारबुवा उतरायचा.”

“आणि चढायचं कोण?”

“चढणारे पलीकडच्या बाजूने चढतात. ती दुसऱ्या ड्रायव्हरची डोकेदुखी.”

ती हसली. पातळ निळा स्वेटर, हातात पर्स, आणि नव्या गुडघ्याची ऐट म्हणून काठी गाडीत ठेवलेली. ती मला फार छान दिसली आणि मी तसं तिला म्हणालोही.

३

फिकट पिवळ्या विटांचं चर्च, आमच्या शहरात असतात तसलंच. आत कुणी नव्हतं. रंगीत काचांमधून येणारा उजेड बाकांवर पडला होता आणि मेण आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. बाहेर आठवडाभर पाऊस नव्हता. तळघर ओलं असेल, मी म्हणालो.

“ओलं कसलं, मेलं बर्फ आणतात बुटांबरोबर सगळे,” मागून कुणीतरी बोललं. सत्तरीच्या पुढची एक ठेंगणी बाई, केस नीट सेट केलेले, मनगटावर पर्स अडकवलेली. “मी बर्निस. मी खरं तर निघालेच होते, पण म्हटलं पाहुणे आलेत तर दाखवून जाऊ. कुठले तुम्ही? माहेरचं आडनाव काय गं तुझं?”

आर्डिसने सांगितलं. बर्निसने डोळे बारीक केले.

“हेन्के? गहू भरडायची गिरणी होती त्यांतले की खाटीक होते त्यांतले?”

“खाटीक. क्लारा हेन्के माझी आत्या.”

“काय सांगतेस. क्लारा खाली आहे की.”

आर्डिस चमकली, मग हसली. “क्लाराआत्या जाऊन तीस वर्षं झाली.”

“मग दुसरी क्लारा असेल बाई,” बर्निस सहज म्हणाली. “इकडे पैशाला पासरी मिळतात. चल, खाली चल. शिक्काही खालीच आहे. आणि तुम्ही काय हो, बाक शोधताय? खाली खुर्च्या आहेत.”

बुटांबरोबर येणाऱ्या बर्फाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. सप्टेंबरात माणूस जानेवारीबद्दल बोलू शकतो. आमच्या गावात तर लोक त्याबद्दलच बोलतात.

४

तळघरातला हॉल मोठा होता. लांब टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, हॅम घातलेले कडक पाव, बटाट्याचं सॅलड, खसखशीचा केक. कोपऱ्यात नळ असलेलं कॉफीचं मोठं पिंप गुरगुरत होतं. आणि जिन्याच्या पायथ्याशी वीसेक बायका उभ्या, सगळ्या एकदम बोलत होत्या.

आर्डिसला त्यांनी लगेच आपल्यात ओढून घेतलं. मी पाव खाल्ला. चांगला होता. शिक्का कुठे, असं विचारलं तर बर्निस म्हणाली, “देते हो, शिक्का कुठे पळून जातोय.”

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की या बायकांपैकी कुणीच खात नव्हतं. प्रत्येकीच्या हातावर पर्स होती. कुणी बिनबाह्यांच्या उन्हाळी झग्यात, पांढरे हातमोजे घातलेली. कुणी डोक्यावर पावसाची प्लास्टिकची टोपी बांधलेली. सगळ्या निघायच्या तयारीत, सगळ्यांची तोंडं जिन्याकडे, आणि पहिल्या पायरीवर पाय कुणाचाच नाही.

“मला निघायलाच हवं,” निळ्या हॅटवाली एक बाई म्हणत होती. “ओव्हनमध्ये मांस ठेवून आलेय.”

मी केक घेऊन आलो. केक संपवला. दुसरी कॉफी घेतली.

“मला निघायलाच हवं,” निळी हॅट म्हणाली. “ओव्हनमध्ये मांस ठेवून आलेय.”

घड्याळ बघायचं नाही असा शब्द दिला होता, आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं. पण बस चालवणाऱ्याला पोटात घड्याळ असतं. ते सांगत होतं की त्या मांसाचा आतापर्यंत कोळसा झाला असणार.

भिंतीलगत घडीच्या खुर्च्यांची एक ओळ होती आणि तिच्यावर पुरुष बसले होते. गुडघ्यावर हॅट, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक बायकी हिवाळी कोट, घडी घालून ठेवलेला. हॉल गरम होता. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. मी टोकाच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर तपकिरी कोट होता, केसाळ कॉलरचा. मला तो माणूस तोंडओळखीचा वाटला. बस ड्रायव्हरला अर्धं शहर तोंडओळखीचं वाटतं.

“बसा,” तो म्हणाला. “त्यांना वेळ आहे.”

“नको, आम्ही निघतोय.”

“हो,” तो म्हणाला. “त्यापण.”

मला अस्वस्थ वाटायला लागलं. कारण सांगता आलं नसतं. मी आर्डिसपाशी गेलो आणि तिच्या कोपराला हात लावला, आमची जुनी खूण. मी शब्द मोडला, हे मला तेव्हाही कळत होतं.

ती चिडली नाही. मांडीवर थाप मारायला ती बसलेली नव्हती, म्हणून तिने पर्सवरच थाप मारली. “बरं तर,” ती सगळ्यांना म्हणाली. सगळ्या हसल्या. “अगं, थोडा केक बांधून देते,” बर्निस म्हणाली. “आणि तुझ्या त्या आत्याचं राहिलंच की सांगायचं.”

आर्डिसने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. चव्वेचाळीस वर्षांत हजारदा झालेला प्रसंग. आणि मीही हजारदा केलेली गोष्ट केली. खिशातून किल्ल्या काढल्या आणि म्हणालो, “मी गाडी दारापाशी आणतो.”

जिना चढताना मागून तो म्हातारा बोलला, मला की स्वतःशीच, कोण जाणे.

“मीपण गाडीच आणायला गेलो होतो.”

५

बाहेर आलो तर सावल्या लांब झाल्या होत्या. गाडीत बसून रेडिओ लावला. पॅकर्सचा फुटबॉलचा सामना आम्ही आत शिरताना नुकताच सुरू झाला होता. आता तो संपून, हरल्याची रडारडही संपून दुसराच कुठला कार्यक्रम चालू होता. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा.

गाडी बाजूच्या दारापाशी, बसथांब्यावरच आणली. पुठ्ठ्याची पाटी नव्हती. दाराला जाळीची काच बसवलेली एक छोटी खिडकी होती, तिच्यातून जिना खालपर्यंत दिसत होता. पायथ्याशी आर्डिस उभी होती. हातात पर्स, तोंड अर्धं माझ्याकडे, अर्धं आतल्या कुणाकडे. मी काचेवर टकटक केलं. तिने वर पाहिलं, हसली, आणि एक बोट वर केलं. एक मिनिट.

मी गाडीत जाऊन बसलो. आमच्याकडे चर्चसमोर हॉर्न वाजवत नाहीत. दहा मिनिटांनी पुन्हा गेलो. ती तिथेच होती. तिने पुन्हा बोट वर केलं, तसंच हसून, अगदी तेवढंच. मी दार ओढलं. बाहेरून मूठ फिरेना. दारावर थापा मारल्या. खाली कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी पुढच्या दाराकडे धावलो. तिथे साखळी होती आणि साखळीला कुलूप, आणि कुलपावर गंज. परत बाजूच्या दाराशी आलो तेव्हा काचेमागे अंधार होता. काचेवर हात धरून पाहिलं. जिना होता, पायथा होता, माणूस नव्हतं.

मला भीती वाटली. बर्फावर भरलेली बस आडवी फिरली होती तेव्हा वाटली होती, त्याहून जास्त.

मी तिला फोन लावला. तिने लगेच उचलला. मागे बायकांचा गलका आणि पिंपाची गुरगुर.

“अरे हो, निघालेच,” आर्डिस म्हणाली. “गाडी दारात आहे ना?”

६

पोलीस आले. एक तरुण बाई होती, शांत, नम्र. मी सगळं सांगितलं. तिने माझ्यादेखत आर्डिसला फोन लावला.

“अगं बाई, पोलीस?” आर्डिसचा आवाज मलाही ऐकू आला. “ह्याला सांगा, निघालेच मी. नुसती घाई ह्याला.”

त्या बाईने फोन ठेवला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी कधी विसरणार नाही. बायको घरी यायला तयार नाही आणि नवऱ्याला ते कळत नाही, अशा माणसाकडे बघावं तसं तिने पाहिलं.

तरीही तिने चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याला बोलावलं. तो कुरकुरत आला. सहा वर्षांपासून हे बंद आहे, माणसं उरली नाहीत म्हणून शेजारच्या चर्चमध्ये मिळवून टाकलं, तो म्हणाला. आम्ही खाली गेलो. टेबलं भिंतीला टेकवलेली. घडीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यावर धूळ. कोपऱ्यात कॉफीचं पिंप होतं, वायर गुंडाळून वर ठेवलेली. मी त्यावर हात ठेवला.

“गरम आहे,” मी म्हणालो.

पोलीसबाईने हात ठेवून पाहिला. तिने तो झटकन मागे घेतला. मग म्हणाली, “ऊन येत असेल.” त्या खोलीला खिडकी नव्हती.

त्या दिवसापासून मी रोज फोन लावायचो. आर्डिस रोज उचलायची. तिच्या फोनची बॅटरी सकाळची संध्याकाळपर्यंत टिकत नसे, मीच ओरडायचो तिला. आता ती संपतच नव्हती. तिच्या लेखी अजून तीच दुपार होती. मी काय विचारायचं ते सगळं विचारून पाहिलं. कुठे आहेस, तर खाली. काय दिसतंय, तर काय दिसणार, जिना दिसतोय. मग चढ ना वर. हो, हो, चढतेच. बर्निस केक बांधतेय.

आमची मुलगी कॅरिन फिनिक्सला असते. ती आईशी बोलली आणि मग मला फोन केला.

“बाबा, तुम्ही भांडलात का?”

“नाही.”

“आई म्हणाली निघतेच आहे. आवाज तर छान होता तिचा. मग तुम्ही सगळ्यांना का घाबरवताय? ती मैत्रिणींत रमलीय. तिला जरा तिच्या वेळेने येऊ द्या ना.”

सगळ्यांनाच ती छान वाटते. कुणी शोधायला जात नाही, कारण ती हरवलेली नाही. ती निघालीच आहे.

७

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मी क्लेटनला गाठलं. आम्ही दोघांनी एकाच रस्त्यावर बस चालवली, मी दक्षिणेला जाणारी, तो उत्तरेला येणारी. शुक्रवारचे तळलेले मासे समोर ठेवून मी त्याला विचारलं, “वॉल्बर्गाच्या थांब्यावर तुझ्याकडे कोण चढायचं रे?”

“तिथे? कुणीच नाही. मी तर तिथे वेग कमी करायचंसुद्धा सोडून दिलं होतं.”

“रविवारी दुपारीपण नाही?”

“बावीस वर्षांत एक माणूस नाही. का रे?”

“माझ्याकडे दर रविवारी एखादा उतरायचा.”

क्लेटनने माशावर लिंबू पिळलं. “मग चालत घरी जात असतील,” तो म्हणाला. मलाही हे पटायला हवं होतं.

पण त्या रात्री मला ते सगळे आठवायला लागले, एकेक करून. एकटे म्हातारे, दाढी केलेली, बूट पॉलिश केलेले, रविवारचा पोशाख. आणि हातावर बायकी कोट. मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. वाटायचं, धुवून आणलेला कोट पोचवायला चाललाय. एका जानेवारीच्या वादळात एकाला मीच म्हणालो होतो, कोट जरा वर धरा, लोळतोय. तपकिरी, केसाळ कॉलरचा. पंचवीस वर्षं तरी झाली असतील त्याला. तेव्हाही तो एवढाच म्हातारा होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी गाडी घेऊन चर्चच्या समोरच्या बाजूला थांबलो. पावणेतीनला बस आली. एक उंच माणूस उतरला. मानेभोवती मफलर, हातावर हिरवा बायकी कोट. तो त्या दारासमोर उभा राहिला, टकटक न करता. दार आतून उघडलं. मला फक्त एक हात दिसला, त्यावर अडकवलेली पर्स, आणि रस्त्यापलीकडेही ऐकू आला तो बायकांचा गलका. बरं तर, बरं तर, चला मग, येते हं.

मी धावत रस्ता ओलांडला. एक गाडी कचकन थांबली. पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. माझ्या हातात गाडीच्या किल्ल्यांशिवाय काही नव्हतं. मी काचेतून पाहिलं. जिन्याच्या पायथ्याशी, त्या गर्दीत, निळा स्वेटर. तिने दोन्ही हात स्वतःच्या दंडांवर गुंडाळले होते.

मी तिथूनच फोन लावला.

“थंडी वाजतेय का तुला?”

“खाली जरा गारठा आहे,” आर्डिस म्हणाली. “पण निघालेच रे. गाडी दारात आहे ना?”

८

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला समजावत राहिलो. पिंप गरम असण्याला शंभर कारणं असतील. म्हाताऱ्या माणसाला चेहरे आठवतात तसे ते असतातच असं नाही. बायकोने सोडून जाणं ही जगावेगळी गोष्ट नाही, आणि तसं असेल तर कोट घेऊन तिच्या मागे जाणारा मी मूर्ख ठरेन. हे सगळं मी स्वयंपाकघरात, तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून स्वतःला सांगायचो. मग दारामागच्या खुंटीवर तिचा जाड लाल कोट दिसायचा. बाहेर उणे सहा होतं.

गाडी न्यायचा विचार केला होता. पण गाडी नेली तर ती दूर लावावी लागणार, आणि मग कधीतरी, सवयीनेच, मी किल्ल्या काढून बाहेर पडणार. ती चूक मी एकदा केली होती. ते सगळे बसने का यायचे, ते मला कळलं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कॅरिनसाठी चिठ्ठी लिहिली की आईला आणायला जातोय. घड्याळ काढून चिठ्ठीवर ठेवलं.

दाढी केली. बूट पॉलिश केले. आर्डिसच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटची एक गोळी होती, मागच्या हिवाळ्यातली. ती तिथेच राहू दिली.

बसवर एक तरुण पोरगी होती. चांगली चालवत होती, ब्रेक हळुवार. मी ड्रायव्हरच होतो इथला, असं तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. सेंट वॉल्बर्गा आलं तसं मी उठलो.

“जपून उतरा आजोबा, बर्फ आहे,” ती म्हणाली. “आणि कोट जरा वर धरा, लोळतोय.”

दारापाशी मी किती वेळ उभा राहिलो ते सांगता येणार नाही. दार उघडलं. बर्निसने मला ओळखलं. “अगोबाई, तुम्ही. मी निघालेच होते,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी जिना उतरलो. मागे दार लागल्याचा आवाज झाला. मेण, कॉफी, ओली लोकर. निळ्या हॅटवालीचं मांस अजून ओव्हनमध्येच होतं. आर्डिस पायथ्याशी होती. इतक्या जवळून मी तिला सात आठवड्यांत पाहिलं नव्हतं. तिचा हात हातात घेतला. गार पडला होता.

“चल वर,” मी म्हणालो. “आत्ता. बोलू नकोस कुणाशी.”

“हो रे, निघालेच. गाडी आणलीस?”

“नाही. तुझा कोट आणलाय.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. “धर जरा. दारात घालते.” मग बर्निसने तिला काहीतरी विचारलं आणि ती तिकडे वळली.

मी तिला हाताला धरून ओढलं. खरंच ओढलं, चव्वेचाळीस वर्षांत कधी ओढलं नव्हतं तसं. ती पायरीपर्यंत आली, हसत, मागे वळून बोलत. तिने नव्या गुडघ्याचा पाय उचलला आणि पायरीच्या वर धरला. तो खाली आला तेव्हा जमिनीवरच आला. मी पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं. सगळ्या बायका आम्हाला जागा करून देत होत्या, कुणीही अडवत नव्हतं.

“बसा,” तो तपकिरी कोटवाला म्हणाला. “सगळ्यांनी ओढून पाहिलंय.”

वर दार होतं आणि दाराच्या काचेतून थोडा उजेड येत होता. मी एकटा असतो तर दहा पायऱ्यांत बाहेर पडलो असतो. हॉस्पिटलातले ते पाच तास मला आठवले.

टोकाची खुर्ची अजून रिकामी होती. बाकांच्या बाबतीत मी जाणकार आहे, ती खुर्ची फारशी वाईट नाही. मी बसलो, लाल कोट घडी घालून मांडीवर ठेवला. आर्डिसने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि एक बोट वर केलं.

“सावकाश,” मी म्हणालो. “मला घाई नाही.”